दूरशिक्षणातून अर्धवेळ इंजिनिअरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून, घरी बसून इंजिनिअरिंगची पदवी खरंच घेता येते का?

येते, पण सगळ्या देशांत नाही आणि सगळ्या शाखांत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत पहिली तुकडी १९७१ साली शिकू लागली. तिथली इंजिनिअरिंगची ऑनर्स पदवी आजही बहुतेक जण नोकरी करतच पूर्ण करतात. जर्मनीतल्या हागेनच्या फर्नयुनिव्हर्सिटेटमध्ये १९७५ पासून दूरशिक्षण चालू आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा विद्यापीठ थिअरी ऑनलाइन शिकवतं आणि प्रयोगशाळेसाठी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात कॅम्पसवर बोलावतं. भारतातले नियम अगदी वेगळे आहेत, त्यावर खाली स्वतंत्र प्रश्न आहे. देशाबाहेरच्या विद्यापीठाचा विचार करत असाल तरी तो आधी वाचा.

शिकवणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. व्हिडिओ, नोट्स, सोडवलेली उदाहरणं कुठेही मिळतात. गाडी अडते ती तीन ठिकाणी : पदवीची मान्यता, प्रयोगशाळा आणि आठवड्याचे तास. म्हणून प्रश्नांची उत्तरंही याच तीन गोष्टींवर जास्त लांबली आहेत.

विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे. मग अजून काय बघायचं?

विद्यापीठाची मान्यता आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असतो. पण ती पदवी इंजिनिअर म्हणून मोजायची की नाही, हे इंजिनिअरिंगची मान्यता देणारी संस्था ठरवते. अमेरिकेत हे काम एबेट करते. ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग काउन्सिलच्या परवान्याने वेगवेगळ्या व्यावसायिक संस्था करतात आणि भारतात एनबीए. ही मान्यता विद्यापीठाला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळते. एकाच विद्यापीठाचा कॅम्पसवरचा मेकॅनिकलचा कोर्स मान्य आणि ऑनलाइन मेकॅनिकल अमान्य, असं सहज असू शकतं.

तपासणी अशी करा. विद्यापीठाचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत शोधा. पदवीचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग’ आणि ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ ही दोन नावं आहेत आणि दोन वेगळ्या पदव्या. मग मान्यता कोणत्या वर्षीच्या प्रवेशापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा. दूरशिक्षणात पदवीला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे तुम्ही शिकत असतानाच मान्यतेची मुदत संपणार आणि नूतनीकरण होणार. शेवटी विद्यापीठाला ईमेल करून विचारा : ‘ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून केलेली पदवी याच मान्यतेखाली येते का?’ उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या समुपदेशकाचा ‘हो’ पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ याचा अर्थ मान्यता नाही असाच घ्यायचा.

वॉशिंग्टन अकॉर्डचा उल्लेख सगळीकडे दिसतो. त्याचा माझ्याशी काय संबंध?

परदेशात काम करायचं असेल तर थेट संबंध आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या मान्यता-संस्थांनी हा करार केला. एकाने मान्य केलेली इंजिनिअरिंगची पदवी इतरांनी शैक्षणिकदृष्ट्या समकक्ष धरायची, असं त्यात ठरलं. भारताची एनबीए २०१४ मध्ये त्याची कायम सदस्य झाली, आणि तोही लाभ एनबीएच्या ‘टिअर-१’ गटातल्या, म्हणजे मुख्यतः विद्यापीठं आणि स्वायत्त संस्थांच्या अभ्यासक्रमांपुरताच आहे.

याच्या खालोखाल सिडनी अकॉर्ड (२००१) इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्टसाठी आहे आणि डब्लिन अकॉर्ड (२००२) टेक्निशियनसाठी. दूरशिक्षणातले बरेच कोर्स टेक्नॉलॉजिस्टच्या पातळीचे असतात. त्यात कमीपणा काहीच नाही, प्रॉडक्शन आणि मेंटेनन्समधल्या पुष्कळ कामांना ते पुरेसे असतात. पण आपण कोणत्या पायरीवर चढतोय हे प्रवेशाआधी कळलेलं बरं. अमेरिकेत काही राज्यांत टेक्नॉलॉजीच्या पदवीवर व्यावसायिक परवाना मागितला तर जादा वर्षांचा अनुभव लागतो.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात दूरशिक्षणातून बी.ई. किंवा बी.टेक. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था) परवानगीशिवाय पत्रद्वारा दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना दणका दिला. २००१ ते २००५ या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी टिकवण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीतही इंजिनिअरिंग हा विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन्ही पद्धतींसाठी वर्ज्य आहे.

एएमआयईबद्दलही खूप गैरसमज आहेत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या या परीक्षेला पदवीशी समकक्षता आहे, पण ती ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांना. आज कुणी ‘एएमआयई करून बी.ई.च्या बरोबरीला या’ म्हणत असेल तर ही तारीख त्याच्यापुढे ठेवा.

मग कायदेशीर वाट कोणती? डिप्लोमा झालेल्या नोकरदारांसाठी २०२३-२४ पासून एआयसीटीईने मान्यताप्राप्त कॉलेजांना खास तुकड्या चालवण्याची मुभा दिली आहे. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी भरतात. पण हे दूरशिक्षण नव्हे. कॉलेजात जावं लागतं, हजेरी लागते. याशिवाय आयआयटी मद्रासची डेटा सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स या विषयांतली ऑनलाइन पदवी आहे. ती बी.एस. आहे, बी.टेक. नाही. जिथे जाहिरातीत ‘फक्त बी.ई./बी.टेक.’ लिहिलेलं असतं तिथे हा फरक आडवा येतो, खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांत फारसा येत नाही. आणि कॉम्प्युटरचंच शिकायचं असेल तर बी.सी.ए. आणि एम.सी.ए. दूरशिक्षणातून, मान्यता असलेल्या विद्यापीठातून, रीतसर करता येतात. बी.टेक.च्या हट्टापायी संशयास्पद पदवी घेण्यापेक्षा ती वाट कितीतरी चांगली.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेऊन भारतात सरकारी नोकरी मागायची असेल, तर समकक्षतेचा प्रश्न प्रवेशाच्या आधी सोडवा. नंतर तो सुटेलच याचा भरवसा नाही.

किती वर्षं लागतात आणि आठवड्याला किती तास द्यावे लागतात?

जाहिरातीतला ‘रोज एक तास’ विसरा आणि क्रेडिटवरून स्वतः हिशेब मांडा. ब्रिटिश पद्धतीत ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास. अर्धवेळ विद्यार्थी वर्षाला ६० क्रेडिट घेतो, म्हणजे ६०० तास, आणि पदवीला सहा वर्षं. शैक्षणिक वर्ष ३२ ते ३५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला १७ ते १९ तास झाले. युरोपीय पद्धतीत एक ईसीटीएस क्रेडिट २५ ते ३० तासांचं असतं. वर्षाला ३० क्रेडिट म्हणजे ७५० ते ९०० तास. ४० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १९ ते साडेबावीस.

हे तास कुठून काढायचे? नमुन्यादाखल : पाच दिवस रोज दीड तास, म्हणजे साडेसात. शनिवारी पाच, रविवारी चार. झाले साडेसोळा. उरलेले दीड-दोन तास प्रवासात व्हिडिओ बघण्यात. शिफ्टची नोकरी असेल तर आठवड्याचा हिशेब सोडा आणि पंधरवड्याचा मांडा. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन प्रकरण हाती घेऊ नका. लॅबचे रिपोर्ट, आकृत्या, जुनी उदाहरणं अशी कामं त्यासाठी राखून ठेवा.

दीड तासापेक्षा लहान तुकड्यांत मेकॅनिक्स किंवा सर्किटचं मोठं उदाहरण सुटत नाही. आकृती काढून, समीकरणं मांडून होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तिथे उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वीस-वीस मिनिटांची सहा सत्रं आणि सलग दोन तास यांची बेरीज सारखी असली तरी पदरात सारखं पडत नाही.

आणखी एक. एकूण तासांपैकी निम्म्याहून जास्त वेळ वही-पेन्सिल हातात हवी. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं. ते खरं की खोटं, हे पान झाकून तेच उदाहरण सोडवायला घेतल्यावर दहा मिनिटांत कळतं.

कोणती शाखा दूरशिक्षणाला सोयीची?

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर सर्वांत सोयीचं. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल, इलेक्ट्रिकल. यातली बरीच उपकरणं टेबलावर मावतात किंवा दुरून चालवता येतात. मेकॅनिकलमध्ये डिझाइन आणि थर्मोडायनॅमिक्सची थिअरी घरी होते, पण मटेरियल टेस्टिंग आणि वर्कशॉप होत नाही. सिव्हिलमध्ये सर्व्हेइंग, काँक्रीट आणि मातीच्या चाचण्यांना प्रत्यक्ष जावंच लागतं. केमिकल सर्वांत अवघड. डिस्टिलेशन कॉलम किंवा हीट एक्स्चेंजरवर हात बसायला पायलट प्लांट, म्हणजे कारखान्याची छोटी प्रतिकृती लागते. ‘केमिकल इंजिनिअरिंग, शंभर टक्के ऑनलाइन’ असं दिसलं तर मान्यता दोनदा तपासा.

गणित सोडून दहा-बारा वर्षं झाली. जमेल का?

जमतं, पण प्रवेशाआधीचे तीन-चार महिने त्यालाच द्यावे लागतात. पहिल्या वर्षी अडखळणारे बहुतेक जण कॅल्क्युलसमध्ये अडखळत नाहीत. ते शाळेतल्या बीजगणितात अडखळतात : अपूर्णांकाखालचा अपूर्णांक, घातांकाचे नियम, लॉग, सूत्रातून हवी ती राशी एका बाजूला काढणं. डेरिव्हेटिव्ह बरोबर घेतात आणि पुढच्या ओळीत कंस सोडवताना वजा चिन्ह हरवतात.

क्रम असा ठेवा : बीजगणित आणि त्रिकोणमिती, मग डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन, मग मॅट्रिक्स, मग डिफरन्शियल इक्वेशन. लाप्लास आणि फूरिए ट्रान्सफॉर्म नंतर येतात आणि तिथे पार्शल फ्रॅक्शन पक्के लागतात. लाप्लास अवघड वाटतो अशी तक्रार करणाऱ्यांचं खरं दुखणं बहुतेक वेळा पार्शल फ्रॅक्शन हेच असतं.

त्रिकोणमिती करताना रेडियनची सवय लावून घ्या. ५० हर्ट्झच्या व्होल्टेजचं सूत्र साइन ३१४टी असं येतं, त्यातला कोन रेडियनमध्ये असतो. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला की उत्तर चुकतं, आणि ते इतकं सरळ-साधं दिसतं की शंकाही येत नाही.

प्रयोगशाळेचं काय? ती घरी कशी होणार?

चार पद्धती आहेत आणि बहुतेक विद्यापीठं त्यांचं मिश्रण वापरतात. घरी पाठवलेलं किट. दुरून चालवायची खरी उपकरणं, ज्यात यंत्र विद्यापीठात असतं आणि तुम्ही ब्राउझरमधून बटणं फिरवता. सिम्युलेशन. आणि वर्षातून एकदा-दोनदा कॅम्पसवर जाऊन सलग केलेली लॅब. ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टेम लॅब्ज हे दुसऱ्या पद्धतीचं चांगलं उदाहरण आहे.

प्रवेशाआधी विचारायचं ते असं : कॅम्पसवरची लॅब सक्तीची आहे का, किती दिवसांची, कोणत्या महिन्यात, आणि चुकली तर पुढची संधी कधी? शेवटचा प्रश्न हमखास राहतो. वर्षातून एकदाच होणारी लॅब ऑफिसच्या गडबडीत हुकली तर पदवी अख्खं एक वर्ष लांबते. दुरून चालवायच्या उपकरणांना वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एकही जागा रिकामी नसते. म्हणून मॉड्यूल सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात वेळ नोंदवून टाका.

किट स्वतः जमवायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी एवढं पुरतं : डिजिटल मल्टिमीटर, दोन ब्रेडबोर्ड, ई-१२ मालिकेतले (बारा ठरावीक मूल्यांच्या पटीतले) रेझिस्टर, १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, काही ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी), एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय आणि २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा यूएसबी ऑसिलोस्कोप. करंट लिमिटवर काटकसर करू नका. उलटा लावलेला आयसी त्यामुळेच वाचतो.

घरच्या विजेच्या लाइनवर ऑसिलोस्कोप कधीही जोडू नका. टेबलावरच्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती फेजला लागली की थेट शॉर्ट. यूएसबी ऑसिलोस्कोपची क्लिप लॅपटॉपच्या ग्राउंडला असते, तिथे लॅपटॉपही जातो आणि जीवालाही धोका.

किटवर घेतलेली रीडिंग पुस्तकाशी जुळत नाहीत. किट खराब आहे का?

बहुधा नाही. मोजणारं उपकरणच सर्किटचा भाग होऊन बसतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि टेबलावर पहिल्याच दिवशी भेटतं.

एक प्रयोग करून बघा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर दोन १ मेगओहमचे रेझिस्टर एकापुढे एक लावा. मध्यबिंदूवर ४.५ व्होल्ट यायला हवेत. साध्या डिजिटल मल्टिमीटरची आतली रोधकता १० मेगओहम असते. ती खालच्या रेझिस्टरला समांतर आली की तिथे ०.९०९ मेगओहम उरतात आणि मीटर ४.२९ च्या आसपास दाखवतो. आता तिथेच ऑसिलोस्कोपचा प्रोब एक्स-१ वर (सिग्नल न घटवता जसाच्या तसा देणारी खूण; एक्स-१० वर तो दहापट घटतो) ठेवून लावा. त्याची रोधकता १ मेगओहम, खालचा भाग निम्मा होतो आणि पडद्यावर ३ व्होल्ट दिसतात. तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. रिपोर्टमध्ये ‘किट सदोष’ लिहिलं तर गुण जातात, हा हिशेब मांडला तर मिळतात.

इतर नेहमीची कारणं : लांब ब्रेडबोर्डवर पॉवरच्या लाल-निळ्या पट्ट्या अनेकदा मध्यावर तुटलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या सर्किटला वीजच मिळत नाही. प्रोबवर एक्स-१० आणि स्क्रीनवर एक्स-१ राहिलं की रीडिंग दहापट कमी येतं. आणि ७४१ हा जुना ऑप-अँप ५ व्होल्टच्या एकाच सप्लायवर लावला तर आउटपुट दोन्ही टोकांच्या बऱ्याच अलीकडे अडकतं. त्याची रचना अधिक-वजा १५ व्होल्टच्या जमान्यातली आहे.

सिम्युलेशनसाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का?

नाही. एलटीस्पाइस, किकॅड, फ्रीकॅड, ऑक्टेव्ह आणि पायथन फुकट आहेत आणि पदवीच्या पातळीला पुरतात. विद्यापीठाकडे मॅटलॅब किंवा सॉलिडवर्क्सचं विद्यार्थी लायसन्स असेल तर ते कुठपर्यंत चालतं ते बघून ठेवा. प्रोजेक्टच्या मध्यावर संपलं तर पंचाईत.

एलटीस्पाइससारख्या सर्किट सिम्युलेशनच्या स्पाइस सॉफ्टवेअरमध्ये नवख्यांना हटकून नडणारी एक गोष्ट : तिथे ‘एम’ लहान लिहा की मोठा, अर्थ मिली असाच. १ मेगओहमच्या मनाने ‘१एम’ लिहिलं तर तो हजारांश ओहम होतो आणि सर्किटमधून भलताच करंट वाहतो. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. शिवाय प्रत्येक सर्किटला एक ग्राउंड हवाच, नाहीतर सॉफ्टवेअर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून हात वर करतं.

मेकॅनिकलवाल्यांचा सापळा वेगळा. फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे छोटे तुकडे पाडून त्यातला ताण काढण्याची पद्धत) आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यावर मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, स्थिरावत नाही. तो आकडा खरा नाही. गणिताने तिथे स्ट्रेस अनंत आहे. कोपऱ्याला फिलेट (गोलाई) द्या आणि मग मेश तीन टप्प्यांत बारीक करून उत्तर स्थिरावतंय का ते दाखवा. रंगीत चित्रापेक्षा परीक्षक हा तीन ओळींचा तक्ता आधी बघतात.

माझा डिप्लोमा झालाय. काही विषयांची सूट मिळेल का?

मिळू शकते. त्यासाठी फक्त गुणपत्रिका पुरत नाही, त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रमही लागतो : प्रकरणं, तास, पुस्तकं, लॅबची यादी. जुन्या संस्थेतून शिक्का मारलेली प्रत आणायला दोन-तीन महिने धरून चाला. बरीच विद्यापीठं ठरावीक वर्षांपेक्षा जुनी क्रेडिट धरत नाहीत, तेही विचारा.

सूट मिळते म्हणून सगळी घ्यावी असं मात्र नाही. वर्कशॉप, ड्रॉइंग, कम्युनिकेशन यांची खुशाल घ्या. गणिताची घेताना विचार करा. पहिल्या वर्षाचं गणित वगळून थेट दुसऱ्या वर्षाच्या कंट्रोल सिस्टिममध्ये बसलेला माणूस दोन्ही विषय एकाच वेळी शिकत असतो.

एका वेळी किती विषय घ्यावेत?

पहिल्या सत्रात एक. नंतर दोन, त्यातही एक गणिती आणि एक वाचनाचा किंवा प्रोजेक्टचा. गणित आणि मेकॅनिक्स एकत्र घेणं टाळा, शक्यतो गणित एक सत्र पुढे ठेवा.

ऑफिसात सांगावं का?

सांगावं, आणि परीक्षेच्या तारखा हातात आल्याबरोबर रजा लेखी मंजूर करून घ्यावी. कंपनी फी भरणार असेल तर बाँड नीट वाचा : किती वर्षं थांबायचं, लवकर सोडलं तर संपूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, नापास झाल्यास खर्च कुणाचा, आणि कंपनीने कामावरून कमी केलं तर काय. शेवटचं कलम बहुतेक बाँडमध्ये नसतंच. ते मागून घ्या.

असाइनमेंट जमा करताना काय चुकतं?

वेळ. ‘रात्री १२ पर्यंत’ म्हणजे विद्यापीठाच्या घड्याळात १२. दुसऱ्या देशात उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे-मागे करतात तेव्हा तुमच्याकडची मुदत एक तास सरकते, आणि हे सत्राच्या मधेच होतं. एक दिवस आधीची तारीख स्वतःची मुदत धरा.

हाताने सोडवलेली पानं फोनवर स्कॅन करताना ग्रेस्केल आणि २०० डीपीआय पुरे. रंगीत फोटो तसेच टाकले की फाइल मर्यादेबाहेर जाते. अपलोड झाल्यावर ती फाइल पुन्हा उतरवून उघडून बघा. रिकामी, उलटी किंवा मागच्या असाइनमेंटची फाइल जमा होणं अजिबात दुर्मिळ नाही. उत्तराला एकक लावा. चिन्हांचा संकेत वर लिहा, कारण बेंडिंग मोमेंट कुठल्या दिशेने धन धरायचा हे पुस्तकागणिक बदलतं.

ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा असतो म्हणतात. तयारी काय करायची?

ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. परीक्षेचं सुरक्षित ब्राउझर बसवायला अॅडमिन अधिकार लागतात, कंपनीचा फायरवॉल आणि व्हीपीएन ते अडवतात, आणि हे परीक्षेच्या दहा मिनिटं आधी कळतं. स्वतःच्या मशीनवर, त्याच खोलीत, त्याच इंटरनेटवर आठवडाभर आधी चाचणी घ्या. वायफायऐवजी केबल. वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटरलाही बॅकअप हवा, लॅपटॉप चार्ज असून उपयोग नाही. दुसरा मॉनिटर नुसता बंद करून भागत नाही, त्याची केबल काढावी लागते. कच्च्या कामाला कागद चालतो की फक्त पाटी, हे नियमात वाचा.

लेखी उत्तरं शेवटी स्कॅन करून टाकायची असतील तर त्यासाठी थोडीच मिनिटं मिळतात. घड्याळ लावून दोनदा सराव करा.

काही अडलं तर लगेच स्क्रीनशॉट आणि वेळ नोंदवून त्याच दिवशी ईमेल करा. दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वतःच्या कंपनीतला घेतला तर चालतो का?

चालतो, आणि बहुतेकदा तोच उत्तम होतो, कारण यंत्र आणि डेटा हाताशी असतो. परवानगी मात्र विषय ठरण्याआधी आणि लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी असू द्या : कोणता डेटा वापरता येईल, रिपोर्ट कोण कोण वाचणार, आणि तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात उघडा ठेवायचा की नाही. साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी डेटा अडवला, यातून अर्ध्यावर विषय बदलावे लागतात.

विषय मोजता येणारा हवा. ‘कॉम्प्रेस्ड एअरचा अपव्यय कमी करणे’ हा विषय नाही, ती इच्छा आहे. ‘एका लाइनवरची हवेची गळती रात्री यंत्रं बंद असताना दाब किती वेळात किती घसरतो यावरून मोजणे, गळत्या बुजवून पुन्हा मोजणे’ हा विषय झाला. आधीचा आकडा दुरुस्तीपूर्वी घ्यायला विसरलात तर प्रोजेक्ट तिथेच संपतो, कारण तुलना कशाशी करणार?

मध्येच वर्षभर थांबावं लागलं तर?

रीतसर खंड घ्या, नुसतं गायब होऊ नका. न कळवता थांबलं की विषय नापास म्हणून नोंदले जातात आणि संधींची संख्या कमी होते. दोन गोष्टी आधी तपासा : पदवी पूर्ण करायची कमाल मुदत, आणि तुम्ही शिकत असलेला अभ्यासक्रम बंद होणार आहे का. जुनं मॉड्यूल बंद होऊन नवं येतं तेव्हा सलग शिकणाऱ्यांना जुन्या नियमांखाली पूर्ण करू देतात, खंड घेतलेल्यांना नव्यात ढकलतात आणि एखादा विषय वाढतो.

पदवीनंतर व्यावसायिक परवाना मिळतो का?

आपोआप नाही. अमेरिकेत आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा असते, सहा तासांच्या सत्रात ११० प्रश्न. मग साधारण चार वर्षांचा अनुभव आणि परवान्यासाठीची पीई परीक्षा. ब्रिटनमध्ये इनकॉर्पोरेटेड किंवा चार्टर्ड इंजिनिअर (तिथले नोंदणीकृत व्यावसायिक दर्जे) होण्यासाठी पदवीबरोबर कामातली क्षमता लेखी पुराव्यानिशी आणि मुलाखतीत दाखवावी लागते. अर्धवेळ शिकणाऱ्यांची बाजू इथे जड असते, पण कामाची नोंद वेळच्या वेळी ठेवली असेल तरच. कोणतं काम, तुमचा निर्णय कोणता, त्याचा परिणाम काय, आणि कुणाची सही : महिन्याला एक पान पुरे.

कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा?

प्रोग्रॅम न करता येणारा, ज्यावर मॅट्रिक्स आणि कॉम्प्लेक्स संख्या होतात असा. कॅसिओ एफएक्स-९९१ मालिका एफई परीक्षेतही चालते. तरी आपल्या विद्यापीठाची यादी बघूनच घ्या, आणि एकच घेऊन सहा वर्षं तोच वापरा. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा घेतला तर पोलर-रेक्टँग्युलरचं बटण शोधण्यात पहिला प्रश्न जातो.